सातबाऱ्यावरचे नाव आणि उमेदवारांची यादी

विधानसभेच्या निवडणुकीची अधिसूचना निघण्याच्या महिना-दीड महिना आधी जिल्ह्याजिल्ह्यांत, सरकारी विश्रामगृहात किंवा पक्षाच्या कचेरीत, इच्छुकांच्या मुलाखती होतात. बाहेर मोटारींची रांग लागते, पायऱ्यांवर चपलांचा ढीग साचतो, आणि आत लांबट टेबलामागे बसलेले दोन-तीन निरीक्षक एकेकाला बोलावून पाच-सात मिनिटांत त्याच्या दहा-वीस वर्षांच्या सार्वजनिक आयुष्याचा हिशेब मागतात. अशाच एका दिवशी मी तालुक्याहून आलेल्या एका बाईंबरोबर व्हरांड्यात बसले होते. पक्षाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दुसऱ्या कोणत्याही पक्षाच्या व्हरांड्यात हेच घडले असते. बाई एकदा पंचायत समितीच्या सभापती व एकदा जिल्हा परिषदेच्या सदस्य होत्या. मांडीवर नाडीची फाईल, तीत नळपाणी योजनेचे ठराव, अंगणवाडीच्या खोल्यांची छायाचित्रे, बचत गटांच्या याद्या, सारे तारीखवार लावलेले. त्यांचा पुकारा झाला, त्या आत गेल्या. दार उघडेच होते. निरीक्षकांनी फाईल चाळली आणि अगदी आपुलकीने म्हटले, "ताई, काम चांगलं आहे तुमचं. पण कारखान्यावरचे किती संचालक तुमच्याबरोबर आहेत? सोसायट्या किती?" बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मी कारखान्याची सभासदच नाही. जमीन मालकांच्या नावावर आहे." "बरं, कळवतो," एवढे उत्तर घेऊन त्या बाहेर आल्या, फाईलची नाडी पुन्हा बांधली आणि माझ्याकडे पाणी मागितले.

'मालकांच्या नावावर' या दोन शब्दांत मला महाराष्ट्राच्या राजकारणातील स्त्रियांच्या स्थितीचे इतके सरळ निदान सापडले की, पुढे आकडेवारीची कोष्टके चाळताना तो व्हरांडा मला पुनःपुन्हा आठवत राहिला. मतदार स्त्रीला निवडून देत नाहीत, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु मतदारापुढे येण्याआधी उमेदवाराला पक्षाच्या यादीत यावे लागते, त्या यादीत येण्याची वाट तालुक्यातील ज्या संस्थांमधून जाते त्या संस्थांच्या दप्तरात स्त्रीचे नाव बहुधा लागलेलेच नसते, आणि ही गोष्ट त्या सोयीस्कर समजुतीखाली झाकली जाते.

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत 288 जागांसाठी 4,136 उमेदवार उभे होते. त्यांत स्त्रिया 363, म्हणजे शेकडा नऊसुद्धा नव्हत्या. निवडून आल्या 21, म्हणजे शेकडा सातांहून किंचित अधिक. 2019 मध्ये ही संख्या 24 होती, 2014 मध्ये 20, आणि 1990 मध्ये तर अवघी 6. उमेदवारांतील आणि आमदारांतील प्रमाण असे जवळजवळ सारखेच असेल, तर खरी गाळणी मतपेटीपाशी लागत नसून तिच्या कितीतरी आधी लागते, हे मान्य केले पाहिजे. शिवाय ज्या वर्षी हे घडले ते वर्ष स्त्रीमतदारांचे म्हणून गाजले होते. लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये त्याच वर्षीच्या जुलैपासून देय झाले, प्रत्येक सभेत बहिणींना उद्देशून भाषणे झाली, आणि मतदानाच्या शेकडेवारीत स्त्रिया पुरुषांच्या मागे राहिल्या त्या जेमतेम दीड-दोन अंकांनी. सभागृहात मात्र विरोधी बाकांवर निवडून आलेली स्त्री एकच, धारावीच्या ज्योती गायकवाड. स्त्रियांसंबंधीचे एखादे विधेयक चर्चेस आले असता त्याच्या उलट बाजूने अनुभवाचे चार शब्द बोलायला एकच सदस्या असावी, ही गोष्ट सत्तारूढ पक्षांच्या दृष्टीनेही हितावह नाही असे मला वाटते.

मालमत्ता आणि मत यांचे हे नाते आजचे नाही. 1919 च्या कायद्याने स्त्रियांना मताधिकार द्यावा की न द्यावा हा निर्णय प्रांतांवर सोपविला होता, आणि मद्रास व मुंबई या दोन इलाख्यांनी 1921 मध्ये तो दिला, ही आपल्या अभिमानाची बाब खरी. पण त्या काळी मत होते ते मालमत्तेला आणि शेतसाऱ्याला, माणसाला नव्हे. तेव्हा ज्या स्त्रीच्या स्वतःच्या नावावर तेवढी मिळकत होती तीच मतदार ठरली, आणि अशा स्त्रिया किती असणार! 1935 च्या कायद्याने वर्तुळ वाढविले ते पुष्कळ अंशी नवऱ्याच्या मिळकतीवर पत्नीला मतदार करून. म्हणजे तिचे नाव यादीत आले खरे, पण त्याच्या आधाराने आले. त्याच कायद्याने मुंबई विधानसभेच्या 175 जागांपैकी 6 स्त्रियांसाठी राखून ठेवल्या.

त्या काळच्या स्त्रीनेत्यांना ही राखीव जागांची कल्पना मनापासून नापसंत होती. जानेवारी 1927 मध्ये पुण्यास जिचे पहिले अधिवेशन भरले त्या अखिल भारतीय महिला परिषदेने आणि तिच्या भगिनी संस्थांनी 1931 मध्ये एकत्रित निवेदन देऊन सर्व प्रौढांना मताधिकार मागितला आणि स्वतंत्र सवलत नाकारली. हंसा मेहता यांनी 1937 मध्ये राखीव जागा नको म्हणून सर्वसाधारण जागेवरून निवडणूक लढविली, त्या मुंबई विधान परिषदेत गेल्या, आणि पुढे घटना समितीतही आम्हांला सवलत नको, न्याय हवा, अशीच भूमिका त्यांनी मांडली. ज्या पिढीने पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून तुरुंगवास भोगला होता, तिला स्वराज्यात आपल्याला वेगळे दार लागेल असे वाटले नाही, आणि तिच्या या विश्वासाबद्दल मला आजही आदरच वाटतो. घटनेने 1950 मध्ये मिळकतीची अट पुसून टाकली. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होताना, अमक्याची बायको किंवा तमक्याची आई यापलीकडे स्वतःचे नाव न सांगितल्यामुळे सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. त्या बहुतांशी उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. परंतु नाव सांगण्याची ती भीड आपल्याही घरांना अपरिचित नव्हती, आणि यादीतून गळण्याचा प्रकार वेगळ्या दप्तरात, वेगळ्या कारणाने, येथे चालूच राहिला.

ते दप्तर सहकाराचे. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी 1950 च्या सुमारास उभारलेल्या साखर कारखान्याने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे भाग्य पालटले, आणि त्याच्या मागोमाग कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, जिल्हा मध्यवर्ती बँका, बाजार समित्या यांचे जे जाळे विणले गेले त्याने शेतकऱ्याच्या मुलाला सत्तेपर्यंत नेणारी एक शिडी दिली, हे कोणीही नाकारू नये. गावच्या विकास सोसायटीत निवडून आलेला तरुण बँकेवर जातो, तेथून कारखान्याच्या संचालक मंडळात, आणि तेथून विधानसभेच्या तिकिटापर्यंत. प्रत्येक पायरीवर त्याला माणसे बांधता येतात, कोणाच्या उसाला वेळेवर तोड देता येते, कोणाच्या पोराला नोकरीला लावता येते, कोणाचे कर्ज मार्गी लावता येते, आणि पक्षाचे निरीक्षक ज्याला 'निवडून येण्याची क्षमता' म्हणतात ती याच साध्या उपकारांच्या थरांतून साठत जाते. आता या शिडीची पहिली पायरी पाहा. ऊस-उत्पादक सभासद व्हायचे तर ऊस नावावर हवा, ऊस नावावर हवा तर जमीन हवी, आणि जमिनीचा दाखला म्हणजे सातबारा. ज्या बाईच्या नावाची नोंद तलाठ्याच्या दप्तरात नाही ती पहाटे उठून शेताला पाणी देत असो, खुरपणीला बायका सांगत असो, तोडणीच्या टोळीशी भावही ठरवीत असो. कारखान्याच्या मतदारयादीत तिला स्थान नाही, आणि म्हणून पुढच्या कोणत्याच यादीत नाही. सहकार कायद्याने संचालक मंडळांवर दोन जागा स्त्रियांना दिल्या आहेत. पण वीस-एकवीस जणांच्या मंडळात त्या दोघी बहुधा कोणा संचालकाच्या घरच्याच असतात.

या शिडीला वळसा घालून ज्या वर आल्या त्यांच्याकडे पाहिले म्हणजे हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सिद्ध होते. मृणाल गोरे 1961 मध्ये गोरेगावातून मुंबई महापालिकेत गेल्या, पाण्यासाठी इतक्या झगडल्या की लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव दिले, आणि 1972 मध्ये विधानसभेत पोहोचल्या. त्याच सुमारास दुष्काळ आणि महागाईने घरोघरच्या चुली विझू लागल्या, तेव्हा त्या स्वतः समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट, प्रमिला दंडवते पुन्हा समाजवादी, अशा भिन्न पक्षांच्या या स्त्रियांनी महागाई प्रतिकार संयुक्त समिती उभी केली आणि मुंबईच्या रस्त्यांवर लाटणी घेतलेल्या हजारो गृहिणी उतरल्या. त्या मोर्चांचे मोल किती मानावे? स्वयंपाकघरातील टंचाई हा राज्याच्या धोरणाचा प्रश्न आहे, रॉकेल आणि तेल यांवर मंत्र्याला जाब विचारता येतो, ही जाणीव त्यांनी अशा स्त्रियांपर्यंत नेली ज्यांनी तोवर राजकारण हा शब्दही परक्या घरचा मानला होता. पण हे घडले मुंबईत, चाळींत, नळावर आणि रेशनच्या रांगेत, जेथे सातबारा लागत नाही आणि कारखान्याचा संचालक विचारावा लागत नाही. याच मृणालताई पुढे 1988 मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या झाल्या. त्यांच्या आधी 1979 मध्ये प्रभा राव आणि प्रतिभा पाटील यांनी ते पद भूषविले होते. प्रतिभाताई 1962 मध्ये जळगावातून सत्ताविसाव्या वर्षी निवडून आल्या आणि नंतर एदलाबादेतून सलग चार वेळा. प्रभा राव आणि प्रेमलाकाकी चव्हाण यांनी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्षपदही सांभाळले. म्हणजे कर्तृत्वाची वाण कधीच नव्हती. असे असूनही महाराष्ट्राला आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही.

शेजारच्या गोव्यात तो मान पन्नास वर्षांपूर्वीच दिला गेला. ऑगस्ट 1973 मध्ये तेथील मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर निवर्तले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. 1979 पर्यंत त्यांनी तो कारभार चालविला. वारशाने आल्या, असे त्यांच्याविषयी सहज म्हटले जाते. पण त्या 1967 पासून विधानसभेत होत्या, राज्यमंत्री होत्या, आणि वडिलांच्या मागे पक्ष सांभाळून 1977 ची निवडणूक त्यांनी जिंकून दाखविली. वारशाचा मुद्दा मी टाळू इच्छीत नाही. आजच्या एकवीस जणींपैकीही अनेकींच्या घरी पिता, पती, सासरे किंवा भाऊ यांच्या रूपाने राजकारण आधीपासून नांदत आहे. पण त्यात त्यांना दोष कसला? पुरुष आमदारांच्या घरचा इतिहास पाहिला तर तोही फारसा निराळा दिसणार नाही. फरक एवढाच की, पुरुषाला घराणे नसले तर सोसायटी आणि बँक यांची दुसरी वाट उरते. स्त्रीला ग्रामीण महाराष्ट्रात घराण्याखेरीज दुसरी वाट जवळजवळ उरलेलीच नाही.

ही गाठ ज्यांनी नेमकी ओळखली त्यांत शरद जोशी आणि शेतकरी महिला आघाडी यांचे नाव आधी घ्यावे लागेल. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवडला लाखावारी शेतकरी स्त्रिया जमल्या. पदराआड तोंड झाकून आलेल्या बाया तेथे ध्वनिक्षेपकापुढे उभ्या राहून बोलल्या, आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुकांत केवळ स्त्रियांची पॅनेले उभी करण्याचा विचार तेथे रुजला. पुढे जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा अशा गावांनी संपूर्ण महिलांच्या ग्रामपंचायती निवडून दिल्या, आणि त्या वेळी कोणत्याही आरक्षणाची सक्ती नव्हती. परंतु याहूनही मूलगामी होती ती लक्ष्मीमुक्ती. ज्या गावातील शंभर कुटुंबे घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा काही हिस्सा करून देतील ते गाव लक्ष्मीमुक्त, असा तो साधा नियम. मत, पंचायत आणि जमीन हे एकाच दोरीचे तीन पदर आहेत, हे त्या चळवळीला विद्वानांच्या आधी कळले होते.

कायद्यानेही आपल्या परीने पुष्कळ केले. 1990 मध्ये महाराष्ट्राने स्थानिक संस्थांत स्त्रियांना शेकडा तीस जागा दिल्या, 73 व्या व 74 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश झाल्या, आणि 2011 पासून निम्म्या. 1994 मध्ये राज्याचे पहिले महिला धोरण आले, आणि त्याच वर्षी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद म्हणून हक्क मिळाला. केंद्राने हेच 2005 मध्ये केले. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एखादा दिवस बसून पाहावे. वडील वारल्यावर बहिणी येतात, हक्कसोडपत्रावर सह्या करतात, भाऊ साडीचोळी करतो, आणि फेरफार नोंदीत पुन्हा पुरुषांचीच नावे उरतात. माहेर तुटू नये म्हणून बहिणीने सोडलेला तो हक्क पुढे विकास सोसायटीच्या, कारखान्याच्या, आणि सरतेशेवटी पक्षाच्या यादीतूनही तिचे नाव काढून टाकतो, हा संबंध सही करताना तिला कोणी सांगत नाही.

पंचायतीत आलेल्या हजारो स्त्रियांचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. पाच वर्षे बाई सभेला बसते, सुरुवातीला ठरावावर अंगठ्यासारखी सही करते, तिसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला कॅशबुक दाखवा म्हणते, पाचव्या वर्षी गटविकास अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभी राहून अंदाजपत्रकातील त्रुटी काढते. आणि मग तहसील कचेरीत आरक्षणाची सोडत निघते, शाळेतले एखादे लहान मूल काचेच्या बरणीतून चिठ्ठी काढते, आणि तिचा प्रभाग खुला होतो. खुल्या जागेवर पक्ष तिला पुन्हा उभे करीत नाही. 'आता पुरुषांना संधी देऊ या' म्हणतात. नवी बाई नव्या प्रभागात पहिल्यापासून धडा गिरवू लागते. असे तीस-पस्तीस वर्षे चालले आहे. चक्राकार आरक्षणाने अधिक स्त्रियांना संधी मिळाली हे खरे, पण एकीच्या हाती दहा-पंधरा वर्षांचा अनुभव आणि माणसे साठून ती विधानसभेपर्यंत पोहोचावी, याची व्यवस्था त्यात नाही.

पक्षांच्या महिला आघाड्यांकडून ती व्यवस्था व्हावी अशी अपेक्षा होती. या आघाड्यांतील कार्यकर्त्या मोर्चे काढतात, घरोघर पत्रके वाटतात, मतदानाच्या दिवशी वस्तीतील शेवटच्या म्हातारीला रिक्षात घालून केंद्रावर आणतात. त्यांच्या श्रमांवाचून एकाही पक्षाची निवडणूक पार पडणार नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु उमेदवारी ठरविणाऱ्या मंडळात त्यांच्यातल्या एखाद-दुसरीलाच खुर्ची मिळते. स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन बांधले गेले आणि निर्णय शेजारच्या दालनात होत राहिले. तेव्हा यादी ठरविणाऱ्या प्रत्येक मंडळात किमान तिसरा हिस्सा स्त्रियांचा असावा, ही अट मला विधानसभेतील आरक्षणाइतकीच निकडीची वाटते, आणि तिला घटनादुरुस्ती लागत नाही. पक्षाच्या कार्यकारिणीचा एक ठराव पुरतो.

विधानसभेतील आरक्षण आता कायद्याच्या पुस्तकात आले आहे. सप्टेंबर 1996 मध्ये प्रथम मांडलेले ते विधेयक 2010 मध्ये राज्यसभेत संमत होऊनही अडकून पडले होते. ते नव्या स्वरूपात सप्टेंबर 2023 मध्ये 106 वी घटनादुरुस्ती म्हणून मंजूर झाले, आणि मूळ मजकुराप्रमाणे जनगणना व तदनंतरची मतदारसंघांची फेररचना झाल्यावर पंधरा वर्षांसाठी अमलात यावयाचे आहे. 288 चा तिसरा हिस्सा म्हणजे 96 जागा. एकवीसवरून शहाण्णव! या कल्पनेनेच मन भरून येते, आणि हंसाबाईंच्या पिढीला जे दार नको होते ते आपल्याला मागावे लागले याची खंत त्या आनंदापुढे मी बाजूला ठेवते. पण त्या शहाण्णव जणी कोठून येतील हा प्रश्न उरतोच. तालुक्याची शिडी तशीच राहिली तर निरीक्षकांना नावे सापडतील ती संचालकांच्या घरांत. आणि नाडीची फाईल घेऊन आलेली सभापती त्या दिवशीही व्हरांड्यातच बसेल.

त्या बाई मला गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या बसस्थानकावर भेटल्या. तिकीट अर्थातच मिळाले नव्हते, आणि त्याविषयी त्या फारसे बोलल्या नाहीत. त्या तलाठी कार्यालयातून येत होत्या. मालकांना राजी करून पाऊण एकर आपल्या नावावर करण्याचा अर्ज त्यांनी दिला होता, आणि गावातल्या आणखी चौघी-पाचजणींचे अर्ज स्वतः लिहून सोबत नेले होते. "फेरफार मंजूर व्हायला महिना लागेल म्हणतात," त्या म्हणाल्या. "तो झाला की कारखान्याचा शेअर मागायचा. लागण आडसाली आहे, ऊस माझ्या नावानं जाईल." एवढ्यात त्यांची गाडी लागली, आणि पिशवीतली ती जुनी फाईल सावरत त्या घाईघाईने निघून गेल्या.